अहमदाबादचं जुनं शहर लोकल गाइडसोबत पायी कसं बघायचं

आपल्याकडून अहमदाबादला जाणारे बरेच लोक साबरमती आश्रम करतात, रिव्हरफ्रंटवर चक्कर मारतात, जमलंच तर गांधीनगरचं अक्षरधाम बघतात आणि परत येतात. नदीच्या पूर्वेचं जुनं शहर, ज्याच्यासाठी युनेस्कोने 2017 च्या जुलैमध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहर केलं, आणि भारतातलं हे पहिलंच शहर बरं का, जयपूरचा नंबर नंतर 2019 ला लागला, ते राहूनच जातं. नाहीतर ऑटोतून जामा मशीद आणि सिदी सय्यदची जाळी बघून झालं म्हणतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या शहराचा जीव मोठ्या इमारतींमध्ये कमी आणि पोळमध्ये जास्त आहे, आणि पोळ चालतच बघावी लागते आणि तिथल्या माणसासोबतच बघावी लागते.

पोळ म्हणजे काय ते आधी सांगतो म्हणजे गाइड का पाहिजे ते कळेल. एक मोठा दरवाजा, वर पहारेकऱ्याची खोली, आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या वाकड्यातिकड्या बोळी, दोन्ही बाजूला एकमेकाला खेटून लाकडी घरं, मध्ये छोटासा चौक, एखादं देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, पक्ष्यांना दाणे टाकायचा एक चबुतरा. एकेका पोळमध्ये पूर्वी एकाच जातीची किंवा एकाच धंद्याची माणसं राहायची. 18 व्या शतकात मोगल आणि मराठे यांच्यात या शहरासाठी जी ओढाताण चालली त्या काळात हे दरवाजे आणि पहारे फार कामाचे होते, रात्री दरवाजा बंद केला की आतली घरं सुरक्षित. त्यातून पुन्हा एका पोळमधून दुसऱ्या पोळमध्ये निघणाऱ्या चोरवाटा आहेत, कधी एखाद्या घराच्या बाजूने, कधी बंद भिंत वाटते तिथूनच. मोबाइलवरचा नकाशा इथं फारसा कामाला येत नाही, तो तुम्हाला गल्ली दाखवतो आणि गल्ली संपते एखाद्या काकूंच्या ओट्यावर. आणि मुख्य म्हणजे हा कुणाचा तरी राहता भाग आहे, तिकीट काढून शिरायची जागा नाही, त्यामुळे ओळखीचा माणूस सोबत असला की दारं उघडतात, नसला की फक्त भिंती दिसतात.

गाइडचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे महापालिकेची हेरिटेज वॉक. ही 19 नोव्हेंबर 1997 ला सुरू झाली, काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी निघते आणि जामा मशिदीपाशी संपते, अंतर दोन-अडीच किलोमीटरच असेल पण थांबत थांबत दोन ते अडीच तास सहज जातात. दुसरा म्हणजे खाजगी गाइड, जो तुमच्या वेळेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे फिरवतो. मला विचाराल तर दोन्ही करा, पण याच क्रमाने, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी महापालिकेची वॉक घ्या, त्याने शहराचा कणा डोक्यात बसतो, कुठून कुठं जातोय ते कळायला लागतं, आणि मग दुसऱ्या दिवशी किंवा त्याच संध्याकाळी खाजगी गाइड घेऊन एक किंवा दोनच पोळ निवांत बघा. एकच दिवस असेल आणि सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर सरळ खाजगी गाइड घ्या, कारण ग्रुपच्या वेगाने त्यांना चालवणं म्हणजे सगळ्यांचीच दमछाक. महापालिकेच्या वॉकची वेळ, फी आणि बुकिंग जायच्या आदल्या दिवशी एकदा कन्फर्म करून घ्या, सुट्टीच्या सीझनमध्ये तर नक्कीच.

खाजगी गाइड निवडताना हॉटेलवाल्याने सांगितलेला पहिलाच माणूस डोळे झाकून घेऊ नका. फोनवर बोला आणि पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही स्वतः कुठल्या पोळचे. जो माणूस म्हणतो मी अमुक पोळमध्ये वाढलो, माझे काका अजून तिथं राहतात, तो घ्या, त्याची हिंदी मोडकी असली तरी चालेल. जो फक्त सन आणि राजांची नावं धडाधडा म्हणतो त्याची माहिती तुम्हाला पुस्तकातही मिळेल. दुसरा प्रश्न, एखाद्या घरात आतपर्यंत जाता येईल का, घराखालचं पावसाच्या पाण्याचं टांकं बघता येईल का. तिसरा, वाटेत दुकानात नेणार का. नेणार असेल तर वाईट काही नाही, बांधणी आणि ब्लॉक प्रिंटची चांगली दुकानं आहेत, पण वॉक संपल्यावर जायचं असं आधीच ठरवा, नाहीतर निम्मी सकाळ साड्या उलगडण्यात जाते. पैसे किती, ते माणशी की पूर्ण ग्रुपचे, किती तासांचे, चहा-नाश्ता त्यात की वेगळा, हे सगळं फोनवरच स्पष्ट करून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकून ठेवा म्हणजे नंतर दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. ग्रुप चार ते सहा जणांचा असला तर उत्तम. दहाच्या वर गेला की पोळमध्ये अडचण होते, मागच्यांना ऐकू येत नाही आणि स्कूटरवाल्यांना जायला जागा उरत नाही.

कधी जायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा सकाळी साडेनऊनंतर चालायचा विचारच सोडा. 19 ते 25 नोव्हेंबर हा हेरिटेज वीक असतो, तेव्हा जुन्या शहरात कार्यक्रमही असतात. 14 जानेवारीच्या उत्तरायणाला पोळच्या गच्च्यांवर पतंगांचा नुसता धुमाकूळ असतो, लोक गच्च्या भाड्याने घेतात, तो अनुभव म्हणून जबरदस्त, पण त्या दिवशी घरं आणि कोरीवकाम बघायला मिळणार नाही, सगळी माणसं वर आणि सगळ्यांची नजर आकाशात. दिवसाची वेळ सकाळचीच. पोळ जागी होत असते, पाणी भरणं, पूजा, चबुतऱ्यावर दाणे टाकणं चालू असतं, दुकानं उघडलेली नसतात म्हणून दर्शनी भाग मोकळे दिसतात. अकराच्या पुढे काळुपूर आणि रतनपोळ भागात पाय ठेवायला जागा नसते.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालात तर पहाटे काळुपूर स्टेशनला उतरता, म्हणजे अहमदाबाद जंक्शनच, आणि स्वामिनारायण मंदिर तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पण रात्रभर प्रवास करून लगेच वॉकला उभं राहू नका, जुन्या शहरातच कुठंतरी खोली घ्या, अंघोळ करा, थोडं खा. आणि टॉयलेटला जाऊनच निघा, पोळमध्ये सोय जवळजवळ नाही, बायकांनी तर हे लक्षात ठेवाच, गरज पडली तर संकोच न करता गाइडला सांगा, तो कुठल्यातरी मंदिरात नाहीतर ओळखीच्या घरी सोय करतो.

पायात पटकन काढता-घालता येतील असे सँडल किंवा चप्पल घाला. लेसचे बूट घालून गेलात तर मंदिर, देरासर, मशीद असं दर थोड्या वेळाने वाकून लेस सोडत बसाल. चामड्याचा पट्टा, पाकीट काही देरासरांत चालत नाही, कापडी पिशवी बरी. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, बायकांनी एक ओढणी जवळ ठेवावी, जामा मशिदीत डोक्यावर घ्यायला लागते. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. पाण्याची बाटली, सुटे पैसे, बास, जास्त सामान नको.

आता चालायला लागल्यावर काय बघायचं ते. स्वामिनारायण मंदिर 1822 चं, या संप्रदायाचं पहिलं मंदिर, सगळं लाकडी कोरीवकाम आणि त्यावर रंग. लोक देवळातल्या मूर्तींकडे बघून पुढे जातात, तुम्ही खांब आणि कमानींमधले टेकू बघा, कारण हेच टेकू पुढे दोन तास प्रत्येक घरावर भेटणार आहेत, आणि इथं जवळून बघितले की पुढे ओळखता येतात. तिथून लांबेश्वरनी पोळ, तिथं कवी दलपतराम यांचं घर होतं, आता त्या घराचा दर्शनी भाग उभारलाय आणि ओट्यावर कवी बसलेले आहेत असा पुतळा. याच दलपतरामांनी अलेक्झांडर फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याला गुजराती शिकवलं आणि फोर्ब्सने 1848 मध्ये गुजराती भाषेसाठी संस्था काढली. मुलं तिथं पुतळ्याशेजारी बसून फोटो काढतात, काढू द्या.

मग हाजा पटेलनी पोळ, तिथं काळा रामजीचं मंदिर आहे, मूर्ती काळ्या दगडाची आणि राम बसलेला, उभा नाही. घरातल्यासारखं मंदिर आहे, बाहेरून कळतसुद्धा नाही. पुढे दोशीवाडानी पोळ, झवेरीवाड, चौमुखजीनी पोळ, अष्टापद देरासर, हा सगळा जैन वस्तीचा भाग. देरासरात गर्भगृहाचे फोटो काढायचे नाहीत, बाहेरचं कोरीवकामसुद्धा विचारून. हरकुंवर शेठाणीची हवेली याच वाटेवर आहे आणि तिच्या दर्शनी भागावरचं लाकूडकाम बघायला मान वर करून जरा जास्त वेळ थांबा. ही बाई कोण ते गाइडला विचारा, पती हठीसिंग शेठ अचानक गेल्यावर दिल्ली दरवाजाबाहेरचं प्रचंड संगमरवरी जैन मंदिर तिने पूर्ण करून घेतलं, 1848 मध्ये. दुसऱ्या दिवशी ते मंदिर बघायला जाल तेव्हा ही हवेली डोक्यात असली पाहिजे.

पण माझं खरं सांगणं पुढचं आहे. या सगळ्या नावांमध्ये अडकू नका. एका पोळमध्ये वीस मिनिटं थांबा आणि गाइडला म्हणा, आता मला हे घर कसं चालतं ते सांगा. ओटा कशाला, चौक कशाला, खिडक्या एवढ्या छोट्या का. मग तो सांगायला लागतो. गल्ल्या अरुंद म्हणून दुपारी ऊन खाली पोचतच नाही, मधला चौक गरम हवा वर सोडतो, घरं खेटून असल्यामुळे भिंतींना ऊन लागत नाही. चौकाच्या फरशीखाली टांकं असतं, आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यासारखंच पण घराच्या पोटात, आतून चुन्याने लिंपलेलं. पहिल्या पावसाचं पाणी गच्ची धुवायला सोडून देतात आणि नंतरचं पाणी पाइपाने थेट टांक्यात, वर झाकण, आणि ते पाणी वर्षभर प्यायला पुरतं. काही घरांत ते आजही वापरात आहे. घरातल्या बेनना गाइडने विचारलं आणि त्यांनी झाकण उचलून दाखवलं तर वाकून बघा, हात किंवा भांडं अजिबात घालू नका, ते प्यायचं पाणी आहे.

चबुतरा पण असाच. खांबावर उभं केलेलं कोरीव घरटं म्हणा, पक्ष्यांना दाणे टाकायला. दाणे कोण टाकतं, पैसे कोण देतं, एखाद्या घरी कुणी वारलं की त्यांच्या नावाने दाणे टाकतात का, हे विचारा. अशा प्रश्नांवर गाइड खुलतो आणि गल्लीतले दोन-चार लोकही बोलायला लागतात. एखादे काका ओट्यावर बसून पेपर वाचत असतील तर "केम छो काका" एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं ते सांगतील. मराठी आहोत म्हटल्यावर तर हमखास कुणाचातरी मुंबईतला नातेवाईक निघतोच.

फोटोबद्दल थोडं कडक बोलतो. उघड्या दारातून आत कॅमेरा नेऊ नका. वाळत घातलेले कपडे, पूजा करणाऱ्या आजी, अंघोळ करणारं पोरगं, हे काही तुमच्या इन्स्टासाठी नाही. विचारा, हो म्हणाले तर काढा, आणि काढल्यावर त्यांना दाखवा. लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, पोळमधली बरीच घरं आता रिकामी झालीत किंवा गोडाऊन झालीत, जे टिकून आहेत ते त्रास सहन करून टिकून आहेत, लाकडी घराची डागडुजी करणारे कारागीर शोधायचे म्हणजे सोपं काम नाही. गाइडला याबद्दल पण विचारा, कुठलं घर कुणी दुरुस्त केलं, कुठलं पडलं, 2001 च्या भूकंपानंतर काय झालं. रिलीफ रोडजवळचा कॅलिको डोम, गौतम आणि गिरा साराभाई यांनी बांधलेला, तो त्याच भूकंपानंतर कोसळला.

वाटेत फर्नांडिस पूल लागतो, त्याच्या खाली वह्या-पुस्तकांचा बाजार. मग मुहूर्त पोळ, जी शहरातली सगळ्यात पहिली पोळ मानतात, आणि मग एकदम माणेक चौक. इथं स्टॉक एक्स्चेंजची जुनी इमारत आहे, 1894 साली स्थापन झालेलं, मुंबईनंतर देशातलं दुसरं. माणेक चौकाचं नाव माणेकनाथ बाबांवरून, गोष्ट अशी सांगतात की शहराची तटबंदी बांधत होते तेव्हा बाबा दिवसभर गोधडी विणायचे आणि संध्याकाळी धागे उसवायचे, की दिवसभर बांधलेली भिंत रात्री पडायची. गाइडकडून ही गोष्ट गुजरातीतच ऐका, कळते बरोबर.

शेवटी राणीनो हजिरो, म्हणजे राण्यांच्या कबरी, आणि जामा मशीद. अहमद शाहाने 1411 मध्ये हे शहर वसवलं आणि 1424 मध्ये ही मशीद पूर्ण झाली. आत 260 खांब आणि वर 15 घुमट. खांबांच्या रांगांमध्ये मध्यभागी उभे राहून वर बघा, कमळं, घंटा, वेलबुट्टी, देवळाचं काम करणाऱ्या हातांनीच हे कोरलंय ते समजायला कुणी सांगायला लागत नाही. पुढच्या दोन मिनारांचे वरचे भाग 1819 च्या कच्छ भूकंपात पडले, म्हणून ते असे अर्धवट दिसतात. पलीकडे बादशाहनो हजिरो, म्हणजे अहमद शाहाची कबर, आतल्या दालनात बायकांना प्रवेश नसतो हे आधी माहीत असलेलं बरं.

महापालिकेची वॉक इथं संपते आणि बहुतेक लोक नाश्त्याला पळतात. तुम्ही गाइडला म्हणा अजून दहा मिनिटं द्या आणि तीन दरवाजाला, म्हणजे तीन कमानींच्या जुन्या वेशीला चला. हे मराठी माणसाने चुकवूच नये. 1758 ते 1817 हे शहर मराठ्यांकडे होतं, पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटून. त्या काळातल्या चिमणाजी रघुनाथ या सुभेदाराने 1812 मध्ये तीन दरवाजावर देवनागरीत एक हुकूम कोरून लावला, की मुलींना वडिलांच्या मालमत्तेतला हिस्सा विनातक्रार मिळाला पाहिजे, आणि जो हे मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब देईल. 1812 मध्ये! फेरीवाल्यांच्या गर्दीत तो दगड चटकन सापडत नाही, म्हणून गाइडला बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा की हा शिलालेख दाखवायचाच आहे, आणि त्याला माहीत नसेल तर दुसरा गाइड बघा. गायकवाडांची हवेली रायखडला आहे, ती बरीच वर्षं पोलिसांच्या वापरात, त्यामुळे बाहेरूनच.

नाश्त्याला गांधी रोडवरचं चंद्रविलास, फाफडा-जलेबी आणि सोबत पपईचा संभारा, तळलेल्या मिरच्या. गाइडला सोबत बसवा, त्याचं बिल तुम्ही द्या, आणि ठरलेल्या पैशांच्या वर काही द्यायचं असेल तर इथंच हातात द्या. काय आवडलं, काय घाईत झालं तेही सांगा, चांगला गाइड ते मनावर घेतो आणि संध्याकाळचा प्लॅन तिथल्या तिथं आखून देतो.

दुपारी झोपा काढा. मग चारच्या सुमाराला सिदी सय्यद मशीद, 1573 ची. झाडाची आणि वेलींची ती प्रसिद्ध जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे, म्हणून दुपार कलल्यावर आतून बघायची, ऊन मागून येतं आणि दगडातलं एकेक पान वेगळं दिसतं. सकाळी गेलात तर तीच जाळी सपाट वाटते. तिथून समोरच लाल दरवाजा, लकी टी स्टॉल, जिथं टेबलांच्या मध्ये कबरी आहेत आणि भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र, मस्का बन आणि चहा घ्या.

रात्री नऊनंतर पुन्हा माणेक चौक. सकाळी जिथं रिकामं होतं, दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं होती, तिथंच आता गाड्या आणि टेबलं लागलेली असतात. घुघरा सँडविच, ग्वालिया डोसा, पायनॅपल सँडविच, कुल्फी. सगळीकडे चीज आणि बटर भरपूर, त्यामुळे दोघात एक मागवा, म्हणजे चार पदार्थ होतात. कांदा-लसूण नको असेल तर जैन म्हणा, प्रत्येक ठिकाणी मिळतं.

हठीसिंग मंदिर, असारव्याची दादा हरीर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि सरखेज रोझा हे पायी होण्यासारखं नाही, दुसऱ्या दिवशी ऑटो करा. वाव सकाळीच करा, कारण सूर्य वर आला की उजेड पायऱ्यांवरून खाली उतरत जातो आणि खालचे मजले तेव्हाच नीट दिसतात.